रक्त दिसतं, गुठळी दिसत नाही

१९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये कोपनहेगनच्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. पाले पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १००७ रुग्ण निवडले होते. सगळ्यांना एकच दुखणं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसती थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी चालते. रुग्णांचे तीन गट पाडले. एकाला रक्त पातळ करणारं वॉरफरीन, दुसऱ्याला ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, तिसऱ्याला औषध नसलेली कोरी गोळी. दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब मांडला गेला. गुठळी सुटून मेंदूत किंवा शरीरात अन्यत्र अडकण्याचे प्रकार वॉरफरीनच्या गटात ५, ॲस्पिरिनच्या गटात २०, कोऱ्या गोळीच्या गटात २१.

इथवर वाचलं तर वाटतं, प्रश्न मिटला. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. जिवावर न बेतलेल्या रक्तस्रावामुळे ज्यांना चाचणीतून बाहेर काढावं लागलं असे रुग्ण वॉरफरीनच्या गटात २१ होते, ॲस्पिरिनच्या गटात दोन आणि कोऱ्या गोळीच्या गटात एकही नाही.

या एकवीस जणांना डॉक्टर नावानिशी ओळखत होते. कोणाच्या लघवीतून रक्त जातंय, कोणाचं नाक वाहायचं थांबत नाहीय, हे रुग्णाला दिसतं, घरच्यांना दिसतं आणि गोळी लिहून देणाऱ्यालाही दिसतं. उलट पक्षाघातातून वाचलेले जे पंधरा-सोळा जण होते, ते नेमके कोण, हे कोणीच सांगू शकत नाही. ते आपापल्या घरी चहा पीत बसलेले असतात आणि आपण कशातून वाचलो याचा त्यांना पत्ताही नसतो. एट्रियल फिब्रिलेशन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचा सगळा इतिहास मला या दोन आकड्यांमधल्या ओढाताणीचा वाटतो. त्यात बराच काळ सरशी झाली ती दिसणाऱ्या रक्ताची.

याला एक कारण असंही आहे की रक्त पातळ करणारं हे औषध जगापुढे आलं तेच मुळी रक्तस्रावाच्या रूपात.

१९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुरणांच्या मुलखात गुरं विचित्र रीतीने मरू लागली. शिंगं छाटली की रक्त थांबेना, खच्ची केलेला गोऱ्हा रक्त वाहून मरे. काही जनावरांना तर जखमही नसे. आतल्या आत रक्त साचून ती कोसळत. ओंटारिओच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या फ्रँक स्कोफिल्ड यांनी या मरतुकीचा माग काढला. हा माणूस मोठा विलक्षण. त्याआधी तो कोरियात मिशनरी होता. १९१९च्या स्वातंत्र्य चळवळीत जपानी सत्तेने केलेल्या अत्याचारांची छायाचित्रं त्याने काढली आणि ती जगापुढे आणली. कोरियाने त्याला अखेर सोलच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा दिली. गुरांच्या बाबतीतही त्याने असाच पुरावा गोळा केला. संशय होता स्वीट क्लोव्हर या चाऱ्यावर. आपल्याकडच्या लसूणघास, बरसीम आणि मेथीच्या गोतातलीच ही वनस्पती. एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या त्याने एका सशाला घातल्या आणि बुरशी लागलेल्या दुसऱ्याला. पहिला धडधाकट राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. दोष वनस्पतीचा नव्हता, ओली राहून बुरसटलेल्या वैरणीचा होता. पुढे नॉर्थ डकोटात ली रॉडरिक यांनी दाखवलं की या गुरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारं प्रोथ्रॉम्बिन कमी पडतं.

रोगाचं कारण कळलं तरी शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नव्हता. मंदीची वर्षं होती. खराब झालेली वैरण फेकून द्यायची तर गुरांना घालायचं काय? १९३३च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी विस्कॉन्सिनमधल्या डिअर पार्कचा एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि शंभरेक पौंड बुरसटलेली वैरण. त्याला भेटायचं होतं राज्याच्या पशुवैद्यकाला. ते कार्यालय बंद. उघडं सापडलं ते विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचं दार, आणि तिथे भेटले कार्ल पॉल लिंक. लिंक यांच्याकडे उपाय नव्हता. ही वैरण घालू नका, जमलं तर जनावराला दुसऱ्याचं रक्त चढवा, एवढंच ते सांगू शकले. शेतकरी परत गेला, पण रक्ताचा कॅन मागे राहिला. लिंक यांचा जर्मन सहायक श्योफेल त्या दिवशी भयंकर अस्वस्थ झाला होता, असं लिंक यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

त्या कॅनमधून रसायन बाहेर यायला सहा वर्षं लागली. जून १९३९मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेत हॅरॉल्ड कॅम्पबेल यांच्या हाती पहिले शुद्ध स्फटिक आले, जेमतेम काही मिलिग्रॅम. वाळत्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिन या द्रव्याचा. बुरशी त्याचं रूपांतर डायकुमारॉलमध्ये करते, आणि गुरं मारत होतं ते हेच. १९४१च्या सुमारास मेयो क्लिनिकमध्ये आणि विस्कॉन्सिनमध्ये ते माणसांना देऊन पाहिलं गेलं. एकाचं विष ते दुसऱ्याचं औषध, ही आयुर्वेदाला जुनीच असलेली गोष्ट इथे अमेरिकन गोठ्यातून आली.

लिंक यांना यातून आणखी एक कल्पना सुचली. १९४५मध्ये क्षयामुळे ते आरोग्यधामात पडून होते. तिथे त्यांनी उंदीर मारण्याच्या उपायांचा इतिहास वाचून काढला. डायकुमारॉलची भावंडं म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेल्या संयुगांच्या यादीतलं ४२वं त्यांनी त्यासाठी निवडलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थी प्रतिष्ठानाची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव वॉरफरीन ठेवलं गेलं, आणि १९४८मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं. त्याचे घास थोडेथोडे, काही दिवस खावे लागत, त्यामुळे उंदीर सावध होत नसत. १९५१मध्ये अमेरिकन सैन्यात नव्याने भरती झालेल्या एकाने जीव देण्यासाठी हेच खाल्लं. तो वाचला. रक्त आणि व्हिटॅमिन के देऊन तो पूर्ण बरा झाला, आणि डॉक्टरांच्या ध्यानात आलं की हे माणसाला देता येईल, कारण यावर उतारा आहे. १९५४मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना वॉरफरीन देण्यात आलं. राष्ट्राध्यक्षाने घेतलेली गोळी म्हटल्यावर उंदरांच्या औषधाचा डाग थोडा धुतला गेला. पूर्ण कधीच नाही. आजही एखाद्या रुग्णाचा मुलगा मोबाइलवर ते नाव शोधतो आणि वडिलांची गोळी बंद करायला सांगतो.

उतारा कुठून आला, हेही सांगायला हवं. कोपनहेगनमध्येच हेन्रिक डाम यांनी १९२९च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेलं खाद्य दिलं होतं. पिलांच्या कातडीखाली रक्त साकळू लागलं. त्या शोधातून व्हिटॅमिन के सापडलं, आणि १९४३चं नोबेल डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं. रक्त गोठवणारे चार घटक तयार करताना यकृताला हे व्हिटॅमिन लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन शरीर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं आणि वॉरफरीन नेमकं तेच अडवतं. म्हणूनच या गोळीवर असलेल्या माणसाने एका आठवड्यात रोज पालक-मेथी खाल्ली आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, तर रक्ताची चाचणी वरखाली होते. ॲण्टिबायोटिक सुरू झालं, दारू वाढली, गुडघेदुखीवर दुकानातून वेदनाशामक आणलं, तरी हिशेब बिघडतो. चाचणीच्या आकड्याला आयएनआर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात तो आणला, कारण तोवर प्रत्येक प्रयोगशाळेचं माप निराळं होतं. आता बहुतेक रुग्णांत तो २ ते ३च्या दरम्यान ठेवतात. कोपनहेगनच्या चाचणीत तो २.८ ते ४.२ ठेवला होता. तिथे एकवीस जण का रक्ताळले याचा निम्मा उलगडा इथेच होतो.

एट्रियल फिब्रिलेशन या कथेत मागाहून आलं. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या रुग्णांना ही गोळी देत असत, पण झडपा ठीक असलेल्या म्हाताऱ्या माणसाची वेडीवाकडी नाडी ही वयाची खोड समजून सोडून दिली जाई. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाच हजारांवर रहिवाशांची १९४८पासून नोंद ठेवली जात होती. १९७८मध्ये फिलिप वुल्फ आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून दाखवलं की झडपेचा आजार नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्येही पक्षाघाताचा धोका पाच पटींहून अधिक असतो, आणि संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर सतरा पटींहून अधिक. डाव्या अलिंदाला लागून कानाच्या पाळीसारखा एक छोटा कोपरा असतो. कप्पा थरथरू लागला की तिथलं रक्त हलत नाही, साकळतं, आणि एके दिवशी त्यातली गुठळी सुटून मेंदूकडे जाते.

कोपनहेगननंतर बोस्टन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या इतर चाचण्या झाल्या. १९९४मध्ये पाच चाचण्यांची माहिती एकत्र केली गेली. वॉरफरीन न घेणाऱ्यांत वर्षाला ४.५ टक्के लोकांना पक्षाघात होत होता, घेणाऱ्यांत १.४ टक्के. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण १ टक्क्यावरून १.३ टक्क्यांवर गेलं होतं. इतकं स्वच्छ उत्तर वैद्यकात क्वचित मिळतं. त्याच वर्षी एका अमेरिकन चाचणीने मात्र थंड पाणी ओतलं. तिथे आयएनआर ४.५पर्यंत जाऊ देत होते आणि पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत कवटीच्या आतला रक्तस्राव वर्षाला १.८ टक्के भरला. डॉक्टरांच्या लक्षात राहिला तो हा आकडा.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही एट्रियल फिब्रिलेशनच्या असंख्य वृद्धांना ही गोळी दिलीच गेली नाही. आजोबा पडतील, डोक्याला मार लागेल, ही सबब सगळ्यात मोठी. १९९९मध्ये कॅनडातल्या माल्कम मॅन-सन-हिंग आणि सहकाऱ्यांनी या सबबीचं गणित मांडलं. पडण्यामुळे होणाऱ्या मेंदूतल्या रक्तस्रावाचा तोटा गोळीच्या फायद्याहून मोठा ठरायचा असेल, तर त्या माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. गणितच ते, त्यात गृहीतकं आहेत. पण रोज सकाळी उठून पडणाऱ्या आजोबांचं चित्र डोळ्यांपुढे आलं की सबब किती हलकी आहे ते कळतं.

मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो तो मात्र कोणत्याही औषधाबद्दलचा नाही. तो डॉक्टरांबद्दलचा आहे. २००६मध्ये नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो छापला. माहिती होती ओंटारिओची. स्कोफिल्डने सशांना वैरण घातली तोच प्रांत. त्यांनी असे डॉक्टर शोधले की ज्यांच्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाला वॉरफरीनवर असताना मोठा रक्तस्राव झाला होता. मग त्या घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या नव्वद दिवसांत याच डॉक्टरांनी आपल्या इतर रुग्णांना काय लिहून दिलं, ते पाहिलं. रक्तस्राव पाहिल्यानंतर पुढच्या रुग्णांना वॉरफरीन मिळण्याची शक्यता २१ टक्क्यांनी घसरली होती. मग त्यांनी उलट बाजू तपासली. ज्यांच्या रुग्णाला वॉरफरीनवर नसताना गुठळीचा पक्षाघात झाला, ते डॉक्टर नंतर अधिक वॉरफरीन लिहू लागले का? नाही. काहीच फरक पडला नव्हता.

म्हणजे एक रक्तस्राव पाहिलेला डॉक्टर पुढच्या निर्दोष रुग्णालाही भीतीपोटी गोळी नाकारतो, आणि एक पक्षाघात पाहिलेला डॉक्टर जसा होता तसाच राहतो. रक्तस्राव ‘मी केला’ असं वाटतं, पक्षाघात ‘झाला’. यात डॉक्टर वाईट नाहीत. आपण सगळेच असेच आहोत. केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप न केलेल्या गोष्टीपेक्षा अनेकदा जास्त टोचतो. पण ज्याची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, त्याच्या घरच्यांना या फरकाचं काय?

या भीतीने शोधलेली पळवाट म्हणजे ॲस्पिरिन. काहीतरी दिल्याचं समाधान, आणि रक्तस्रावाची धास्ती कमी. बर्मिंगहॅममध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ९७३ जणांवर झालेल्या चाचणीने २००७मध्ये ही पळवाट बंद केली. मेंदूच्या मोठ्या घटना वॉरफरीनवर वर्षाला १.८ टक्के, ॲस्पिरिनवर ३.८ टक्के; आणि मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. म्हणजे वृद्धाला ॲस्पिरिन देऊन आपण त्याला रक्तस्रावापासून वाचवतो, हा समजच खोटा होता. तरीही पळवाट पुढे कितीतरी वर्षं वापरात राहिली.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. व्हिटॅमिन के टाळून थेट गोठण-घटकालाच रोखणाऱ्या गोळ्या आल्या. २००९मध्ये डॅबिगॅट्रानच्या १८,११३ रुग्णांच्या चाचणीत कवटीतला रक्तस्राव वॉरफरीनच्या निम्म्याहूनही कमी झाला, पण मोठ्या मात्रेत पोटातला रक्तस्राव वाढला. कॅनडातल्या हॅमिल्टनहून या चाचणीचं सूत्रसंचालन करणाऱ्यांत केरळात जन्मलेले सलीम युसुफ होते. २०११मध्ये रिव्हरोक्साबान आणि ॲपिक्साबान यांचे निष्कर्ष आले. ॲपिक्साबानवर मोठा रक्तस्राव वॉरफरीनपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होता आणि मृत्यूही थोडे कमी. त्याच वर्षी ॲपिक्साबान आणि ॲस्पिरिन समोरासमोर आले. मोठा रक्तस्राव अनुक्रमे वर्षाला १.४ आणि १.२ टक्के, पक्षाघात आणि इतर गुठळ्या १.६ आणि ३.७ टक्के. रक्त वाहण्याच्या भीतीला इतकं सडेतोड उत्तर त्याआधी मिळालं नव्हतं.

भीती मात्र कोर्टात गेली. डॅबिगॅट्रानवर असताना रक्तस्राव झालेल्यांनी अमेरिकेत हजारो दावे लावले आणि २०१४मध्ये उत्पादक कंपनीने ६५ कोटी डॉलर देऊन ते मिटवले. त्या गोळीवर उतारा नव्हता, हा मुख्य आक्षेप. तो उतारा २०१५मध्ये आला. वॉरफरीनवर साठ वर्षांत किती जण रक्तस्रावाने गेले असतील! पण त्याविरुद्ध इतकी ओरड झाली नाही. जुन्या औषधाचं रक्त जुनं असतं.

आणि नवं ते सगळंच बरं, असंही नाही निघालं. २०२३मध्ये नेदरलँड्सच्या एका चाचणीत, जुन्या गोळीवर व्यवस्थित चाललेल्या थकलेल्या, क्षीण वृद्धांना नव्या गोळीवर नेलं, तेव्हा रक्तस्राव ९.४ टक्क्यांऐवजी १५.३ टक्क्यांना झाला. म्हणजे बसलेली घडी उगाच मोडायची नाही. त्याच सुमारास गोठण-घटक ११ला रोखणाऱ्या असुंडेक्सियान या नव्या गोळीकडून मोठी आशा होती की गुठळी अडवेल, पण रक्त वाहू देणार नाही. रक्त खरोखरच कमी वाहिलं. पण ॲपिक्साबानच्या तुलनेत तिच्यावर पक्षाघात कितीतरी जास्त झाले आणि चाचणी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

आपल्या बाजूला वळायचं तर २०२२चा एक निकाल सगळ्यांत जवळचा. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले एट्रियल फिब्रिलेशनचे रुग्ण युरोप-अमेरिकेत आता विरळा, आपल्याकडे अजून भरपूर, आणि बहुतेक तुलनेने तरुण बायका. दिल्लीच्या एम्समधल्या गणेशन कार्तिकेयन यांच्या पुढाकाराने आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत ४५३१ अशा रुग्णांवर चाचणी झाली. सरासरी वय पन्नाशीचं, शंभरातल्या बहात्तर स्त्रिया. सगळ्यांची अटकळ होती की आयएनआर तपासण्याची कटकट नसलेलं रिव्हरोक्साबान सरस ठरेल. झालं उलटं. रिव्हरोक्साबानवर ५५२ मृत्यू, जुन्या गोळ्यांवर ४४२. आणि रक्तस्रावात म्हणावा असा फरक नाही. तेव्हा अरुंद झडपेच्या रुग्णासाठी वॉरफरीन किंवा आपल्याकडे डॉक्टर सर्रास लिहून देतात ते ॲसिनोकुमारॉल, हीच आजही पहिली गोळी आहे.

घरात कोणी यांपैकी एखाद्या गोळीवर असेल, तर दात घासताना रक्त आलं म्हणून ती परस्पर बंद करू नका, आणि काळी शी किंवा अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी एक दिवसही अंगावर काढू नका. रक्तदाब ताब्यात ठेवा, दुकानातून वेदनाशामक विचारल्याशिवाय आणू नका. आणि डॉक्टरच गोळी थांबवू म्हणाले, तर त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: थांबवल्यावर वर्षभरात पक्षाघाताचा धोका किती?